डाखोरे पेंटर यांची प्रलंबित घटना

नेरखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा तातडीचा विभाग दुपारी दोन ते पाच बंद राहू लागला, तेव्हापासून त्या वेळात सुरू होणारे अपघात पाच वाजेपर्यंत जिथल्या तिथे थांबतात.

याबद्दल गावात कुणाची तक्रार नव्हती. रुग्णालयाला डॉक्टरांच्या तीन जागा मंजूर आहेत, त्यातल्या दोन रिकाम्या. उरलेल्या एका जागेवर डॉ. काझी मॅडम. त्यांनाही जेवायला लागतं, घटकाभर पाठ टेकायला लागते. म्हणून जिल्ह्याच्या कार्यालयाने हा बदल सुचवला आणि मी सूचना टाइप करून फाटकावर चिकटवली : 'दुपारी दोन ते पाच या वेळेत तातडीची सेवा उपलब्ध नसल्याने तातडीच्या घटना पाचनंतर घडतील, याची नागरिकांनी नोंद घ्यावी.' नागरिकांनी नोंद घेतली. मी नामदेव गोतमारे, इथला आवक-जावक लिपिक. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, नोंदवहीत चढवायचं, एवढंच माझं काम.

पहिल्याच आठवड्यात बस स्टँडवरच्या भजेवाल्याची कढई अडीच वाजता कलंडली. तेल त्याच्या पावलापासून वीतभर वर थांबलं. पाय काढून घ्यायला गेला तर निघेना. मग त्याने बायकोकडून ओलं पोतं मागवून पावलावर घातलं, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि स्टुलावर बसून पाचची वाट पाहिली. पाचला तेल पडलं. एक फोड आला, तो चार दिवसांत बसला. यावरून आम्हाला नियम कळला : अपघात पुढे ढकलता येतो, थोडाफार कमीही करता येतो, रद्द मात्र माणसाला करता येत नाही. मी 'प्रलंबित घटना' नावाची नवी नोंदवही उघडली.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला त्या वहीत तीन नोंदी झाल्या.

पहिली नोंद देविदास डाखोरे यांची. हे आमच्या भागातले जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकच्या मागची अक्षरं, सगळं त्यांच्या हातचं. वय बावन्न. त्या दिवशी ते रुग्णालयाच्या आवारातल्या पाण्याच्या उंच टाकीवर, दोरीला बांधलेल्या फळीवर बसून, पाणी वाचवण्याबद्दलची ओळ लिहीत होते. दोन वाजून वीस मिनिटांनी दोरीची गाठ सुटली. ब्रश आणि रंगाचा डबा तातडीच्या घटनेत मोडत नसल्यामुळे ते सरळ खाली आले. डाखोरे जमिनीपासून दहा फुटांवर थांबले. तोंड आभाळाकडे, हातपाय पसरलेले, पाठ खाली.

दुसरी नोंद सरिता उईके हिची. वय तेवीस, पहिलं बाळंतपण, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. पोटातलं बाळ पायांकडून होतं, म्हणून मॅडमनी तिच्या कार्डावर लाल शाईने 'जोखीम' असं लिहिलं होतं. तीन चाळीसला तिला कळा सुरू झाल्या आणि सुरू झाल्या तशाच थांबल्या.

तिसरी नोंद एका सापाची आणि इंगोले नावाच्या शेतकऱ्याच्या पायाची. दोघांत चार बोटांचं अंतर होतं. आठ दिवस वाट पाहून साप कंटाळून निघून गेला. दुसऱ्या पक्षाने माघार घेतल्यामुळे ते प्रकरण मी निकाली काढलं.

डाखोऱ्यांचं प्रकरण तर तीन तारखेच्या संध्याकाळीच निकाली निघालं असतं. पावणेपाचला मॅडम स्वतः टाकीखाली जाऊन उभ्या होत्या. स्ट्रेचर होतं, मानेचा पट्टा होता, गाद्या अंथरल्या होत्या, ॲम्ब्युलन्स सुरू करून ठेवली होती. मॅडम म्हणत होत्या की पाठ नाही वाचली तरी जीव वाचेल. पाचला आठ मिनिटं कमी असताना माझ्या संगणकावर जिल्ह्याचा ई-मेल आला. मी तो उघडला.

त्यात प्रस्ताव क्रमांक दोन होता. नेरखेड्याचा तातडीचा विभाग प्रायोगिक तत्त्वावर पंचेचाळीस दिवस पूर्ण बंद ठेवायचा. या काळात नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवायच्या. एकही न आल्यास विभाग कायमचा बंद करून सेवा जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवायची, अठ्ठावन्न किलोमीटरवर. अंमलबजावणी पत्र मिळाल्यापासून. आणि आमच्याकडे पत्र उघडलं की ते मिळालं, असं धरतात. मी छापलं, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि कागद घेऊन टाकीखाली गेलो. मॅडमनी वाचला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते. डाखोरे होते तिथेच होते.

तो ई-मेल मी दहा मिनिटं उशिरा उघडला असता तर काय झालं असतं, हा विचार मी पुढचे पंचेचाळीस दिवस रोज केला. मॅडमनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. पेंटरांनीही नाही.

नव्या घटना दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्याच्या हद्दीत मोडू लागल्या आणि रीतसर घडू लागल्या. लोक ॲम्ब्युलन्सने अठ्ठावन्न किलोमीटर जायचे. आमच्या प्रलंबित घटनाही घ्याव्यात, असं मी जिल्ह्याला लिहिलं. उत्तर आलं की घटना आपल्याकडे सुरू झाल्या असल्याने त्या आपल्याकडेच पूर्ण होणे अपेक्षित आहे.

डाखोऱ्यांच्या पत्नीचं नाव पंचफुलाबाई. त्या पहिल्या संध्याकाळी आल्या, खालून वर पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बाबू, यायच्याजवळ जायले शिडी देता का?" मी रुग्णालयाची शिडी दिली. त्या चढून त्यांच्या शेजारी गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. उतरल्यावर त्यांनी विचारलं, की खायला घातलं तर चालेल का. मॅडमनी सांगितलं की पडणं तेवढं थांबलंय, बाकी माणूस चालू आहे.

मग ते रोजचंच झालं. सकाळी सातला पंचफुलाबाई चहा घेऊन यायच्या. शिडीच्या वरच्या पायरीवर त्यांनी उशी बांधून घेतली होती. तिथे बसून त्या नवऱ्याला बशीतून चहा पाजायच्या, त्याची दाढी करायच्या, केसांना तेल लावायच्या. बाकीच्या सोयी आमच्या सिस्टरांनी लावून दिल्या. ऊन तोंडावर यायचं म्हणून बाईंनी शिडी आणि टाकीचा खांब यांच्यामध्ये जुनं लुगडं बांधलं. दुपारी त्या डबा घेऊन यायच्या आणि जेवण झाल्यावरही घरी जायच्या नाहीत. तिथेच बसून वाती वळायच्या, गहू निवडायच्या.

माझी खिडकी टाकीकडे आहे. सुरुवातीला वाईट वाटायचं म्हणून मी तिकडे पाहणं टाळायचो. पुढे पुढे पाहू लागलो, कारण त्यात वाईट वाटण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. डाखोरे लग्नापासून सव्वीस वर्षं या गावाहून त्या गावी फिरत राहिलेले. एकेका शाळेचं काम आठ-आठ दिवस चालायचं. तिथेच झोपायचं, तिथेच खायचं. घरी यायचे ते कपडे बदलायला. पंचफुलाबाईंनी एकदा मला सांगितलं, की ह्यांना वांग्याची भाजी आवडत नाही हे मला या महिन्यात कळलं. सव्वीस वर्षं मी वांगी करत होते आणि हे मुकाट खात होते, कारण एका दिवसासाठी कशाला बोलायचं. हे सांगताना त्या हसत होत्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "बाबू, मी असं बोलणं पाप हाये. पण मले हे दिवस बरे वाटते."

मी म्हणालो, यात पाप कसलं.

गावाचंही तसंच झालं. येणारे-जाणारे टाकीखाली थांबून पेंटरांना हाक मारायचे, निवडणुकीच्या, पिकाच्या गप्पा सांगायचे. त्यांना फक्त आभाळ दिसत असल्यामुळे, आज ढग कसे आहेत हे लोक त्यांनाच विचारायचे. आणि एकही माणूस हरकत घेऊन माझ्या खिडकीशी आला नाही. अठ्ठावन्न किलोमीटरचा त्रास सगळ्यांना होत होता. पण हरकत आली की विभाग उघडणार आणि विभाग उघडला की पेंटर पडणार, हे लहान मुलांनाही समजत होतं. दर सोमवारी मी जिल्ह्याला अहवाल पाठवायचो : हरकती निरंक, सूचना निरंक.

सरिता उईकेही हरकत घ्यायला आली नाही. तिला नववा महिना सरून दहावा लागला. दुखत काही नव्हतं, फक्त पोट वाढत होतं. घरात तिला बसवत नसे, म्हणून दुपारी ती रुग्णालयाच्या आवारात फिरायला यायची. टाकीभोवती तीन फेऱ्या मारायची आणि खांबाला टेकून बसायची. पंचफुलाबाई तिला डब्यातलं ताक द्यायच्या. दोघी बाळाच्या झबल्याबद्दल बोलायच्या. सरिताने शिवलेली झबली लहान होतील असं वाटून पंचफुलाबाईंनी त्यांच्या शिवणी उसवून, बाजूने कापड जोडून ती मोठी करून दिली. पेंटरांच्या पडण्याबद्दल सरिता कधी बोलली नाही आणि सरिताच्या अडण्याबद्दल पंचफुलाबाई बोलल्या नाहीत.

तेहतिसाव्या दिवशी मॅडमनी सरिताला तपासलं. नंतर त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. त्या कधी बसत नाहीत. म्हणाल्या, "गोतमारे, बाळ वाढतंय. अजून दहा-बारा दिवस मी सांभाळीन. त्यानंतर ते पायांकडून येऊ शकणार नाही, आणि पोट फाडून काढायची सोय आपल्याकडे नाही."

मी विचारलं, की सरिताला सांगितलं का. त्या म्हणाल्या, तिला सांगितलं तर ती हरकत घेईल आणि मग जन्मभर त्या बाईच्या तोंडाकडे पाहू शकणार नाही. पंचफुलाबाईंना सांगितलं तर त्यांच्याकडे मी त्यांचा नवराच मागितल्यासारखं होईल. मी म्हणालो, मॅडम, मग आपणच हरकत घेऊ. त्यांनी मान हलवली. त्या कंत्राटावर होत्या आणि मी कर्मचारी. आम्हा दोघांनाही नागरिक म्हणून हरकत घेता येत नाही, असं परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं.

हे आम्ही कुणालाही सांगितलं नाही. पण डाखोरे महिनाभर कान लावून पडलेले होते. त्यांना खालचं काही दिसत नव्हतं, म्हणून ऐकू सगळं यायचं. कोण आलं हे ते पावलांवरून ओळखायचे. अडतिसाव्या दिवशी सकाळी मी टाकीखालून जात होतो, तेव्हा त्यांनी वरून हाक मारली. पंचफुलाबाई अजून आल्या नव्हत्या.

"बाबू, ते पोरगी आधी तीन चकरा मारे. आता एक मारते अन् धपकन बसते. तिचं काय हाये?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी मॅडम बोलल्या ते सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की अर्ज कुणाच्या सहीने करावा लागतो. मी सांगितलं, की प्रलंबित माणसाचा अर्ज चालतो, पण त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ते म्हणाले, फॉर्म आणून ठेवा.

दुपारी मी फॉर्म घेऊन गेलो तेव्हा पंचफुलाबाई शिडीवर होत्या. डबा उघडलेला नव्हता. त्यांना कळलेलं होतं. मी परत फिरू लागलो तर पेंटर म्हणाले, "थांबा बाबू, तुमच्यासमोरच होऊ द्या." म्हणून मी खालीच थांबलो. त्यांचं बोलणं मी ऐकलं ते असं.

बाई म्हणाल्या, "मी सही देणार नाही."

"काऊन?"

"तुम्ही मराल."

"मॅडम हाये ना खाली."

"त्या दिवशी पण होत्या. त्या तरी म्हणत होत्या का, की नक्की वाचवतो म्हणून?"

बाई बोलतच राहिल्या. सव्वीस वर्षांत तुम्ही माझ्याजवळ इतके दिवस सलग कधी होता, ते सांगा. मी काही मागितलं नाही. आता देवाने म्हणा, जिल्ह्याने म्हणा, आपणहून दिलं, तर ते मीच सही करून परत करू? हे त्या भांडून बोलत नव्हत्या. हलकेच बोलत होत्या आणि बोलताना नवऱ्याच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावत होत्या.

पेंटर म्हणाले, "मले भेव वाटते. रोज वाटते. सकाळी उठलो की पहिलं तेच. पण मी पडलेलाच हाये ना पंचफुला, मी काही वर राहिलेला माणूस नाही. माझं झालं ते झालं. त्या लेकराचं अजून काहीच झालं नाही."

पंचफुलाबाई शिडी उतरल्या. माझ्याकडे न पाहता फाटकाबाहेर गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच डबा तसाच राहिला. शेवटी सिस्टरांनी चढून पेंटरांना जेवू घातलं.

पुढचे तीन दिवस त्या सकाळ-संध्याकाळ येऊन सगळं करायच्या, पण बसायच्या नाहीत. सरिता आली की तिला ताक द्यायच्या आणि तिच्या पोटाकडे पाहायच्या. बेचाळिसाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता त्या माझ्या खिडकीशी आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं, जणू लग्नाला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "फॉर्म द्या अन् तुम्हीच लिहा. मले लिहिता येते, पण आज हात चालणार नाही."

मी लिहायला घेतलं. फॉर्मच्या पहिल्याच ओळीत दोन चौकोन असतात, त्यातल्या एकावर खूण करायची असते. मी विचारलं, "बाई, हरकत लिहू की सूचना?"

त्यांनी थोडा विचार केला. "सूचना लिहा. हरकत माझी हाये, पण ते नका लिहू."

मी सूचनेवर खूण केली. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं : तातडीचा विभाग गुरुवारी सकाळी नऊ वाजता उघडावा. तो इमारतीत न उघडता पाण्याच्या टाकीखाली उघडावा, म्हणजे माझे पती आणि सरिता उईके यांच्यामध्ये डॉक्टरांना पळावे लागणार नाही. खाली त्यांनी सही केली. अक्षर सरळ आणि ठसठशीत होतं. मला राहवलं नाही, मी म्हणालो, की अक्षर पेंटरसारखंच आहे. त्या म्हणाल्या, त्यांनीच शिकवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तेव्हा घरी असायचे.

पंचेचाळीस दिवसांत आलेला हा एकमेव अर्ज असल्यामुळे जिल्ह्याचं उत्तर संध्याकाळीच आलं. सूचना मान्य. विभाग गुरुवारी नऊ वाजता सूचनेत नमूद ठिकाणी पूर्ववत सुरू करण्यात यावा.

बुधवारचा सगळा दिवस तयारीत गेला. सरिताच्या नवऱ्याने जिनिंगच्या मालकाला विचारलं आणि दुपारी सरकी काढलेल्या कापसाच्या दोन ट्रॉल्या आवारात आल्या. गावातल्या लोकांनी तो कापूस पेंटरांच्या खाली पसरला. मॅडम सांगतील तिथे जास्त, सांगतील तिथे कमी. मानेखाली सगळ्यात जास्त. टाकीच्या दुसऱ्या बाजूला बायकांनी चार खांबांना साड्या बांधून सरितासाठी आडोसा केला. लोखंडी टेबल, दिवा, ऑक्सिजनची टाकी, सगळं ओढत आणलं. नियमाप्रमाणे जिथे पाटी तिथे विभाग, म्हणून मी इमारतीवरची 'तातडीचा विभाग' ही पाटी काढली आणि डोक्यावर घेऊन टाकीपर्यंत नेली. चांगली जड होती.

गुरुवारी सकाळी पावणेनऊला आवारात दोनशे माणूस उभं होतं. सरिता टेबलावर आडवी झाली होती. मॅडम तिच्या कानाशी काही सांगून पेंटरांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला आधीच समजावलं होतं, की दोन्ही घटना एकाच क्षणी सुरू होतील, पण पेंटरांची क्षणात संपेल आणि सरिताची चालत राहील. त्यामुळे आधी पेंटर, मग सरिता.

पंचफुलाबाई शिडीवर होत्या. त्यांनी नवऱ्याला चहा पाजला, तोंड पुसलं, केस मागे सारले. मॅडमनी खूण केल्यावर त्या उतरू लागल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या आणि म्हणाल्या, "डबा झाकून ठेवला हाये. वांगी नाही केली."

"बरं," पेंटर म्हणाले. "मोजू नका म्हणा कोणाले."

शिडी काढली. मी खुर्चीवर नोंदवही ठेवली, तारीख घातली, वेळ घातली. शिक्का बसला की विभाग उघडला, असं धरतात. शिक्का शाईवर दाबला आणि माझा हात वरच राहिला. नऊ वाजून गेले असावेत. मॅडमनी वळून पाहिलं नाही. पेंटरांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "गोतमारे, मारा."

मी शिक्का मारला.

डाखोरे पडले. आवाज मोठा झाला नाही. कापसाने घेतला असावा. कापूस चहूकडे उडाला आणि काही वेळ कुणालाच काही दिसेना. दिसू लागलं तेव्हा मॅडम त्यांच्या छातीशी गुडघे टेकून होत्या, सिस्टरांनी मान धरली होती आणि पंचफुलाबाई कापसात कमरेपर्यंत रुतून नवऱ्याच्या तळपायाला हात लावून बसल्या होत्या, कारण तेवढीच जागा मोकळी होती. डावी मांडी मोडली होती. दोन बरगड्या, एक खांद्याचं हाड. मॅडमनी उजव्या पावलाला टाचणी टोचली आणि पेंटरांनी पाय ओढून घेतला. तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा श्वास सोडल्याचं मला दिसलं. "पाठ शाबूत आहे," त्या म्हणाल्या. मग त्या उठल्या आणि साड्यांच्या पलीकडे गेल्या.

सरिताला पन्नास मिनिटं लागली. ती ओरडत होती तेव्हा इकडे स्ट्रेचरवर पेंटर शुद्धीवर येत-जात होते, आणि दर वेळी शुद्धीवर आले की झालं का, एवढंच विचारत होते. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी मुलगी झाली. पायांकडून आली. वजन चार किलो सहाशे. ती रडलीच नाही. मॅडमनी तिला उचललं तेव्हा तिने मान धरलेली होती, आणि ती एकेकाकडे असं पाहत होती, की जणू रांगेत फार वेळ उभं राहून शेवटी खिडकीशी पोचली आहे. पंचफुलाबाईंनी मोठी केलेली झबलीसुद्धा तिला जेमतेम झाली.

जन्माच्या नोंदीत मी कुठली तारीख लिहू, असं मी सरिताला विचारलं. ती म्हणाली, आजचीच लिहा, वय काय ते तिचं तिला माहीत.

एक सूचना प्राप्त झाल्यामुळे प्रस्ताव क्रमांक दोन मागे घेण्यात आला. मी पाटी परत इमारतीवर लावली. पहिला बदल मात्र कायम राहिला, कारण डॉक्टरांच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत आणि मॅडमना जेवायला लागतं. विभाग दुपारी दोन ते पाच बंद असतो.

डाखोरे आता वॉर्डात खिडकीशेजारच्या खाटेवर आहेत. पायाला वजन लावलं आहे. तीन महिने तरी लागतील, आणि त्यानंतर उंचावर चढणं नाही. मांडी फार दुखते. औषधांनी पुरतं भागत नाही. रात्री ते उशी चावून काढतात, असं सिस्टर सांगतात. ही वेदना तातडीची आहे, असं मॅडमनी केसपेपरवर लिहून दिलं आहे. त्यामुळे दोन वाजता ती थांबते.

दोनला पाच मिनिटं कमी असताना पंचफुलाबाई डबा घेऊन येतात. दोघं जेवतात, मग पत्ते काढतात. सरिता मुलीला घेऊन आली तर मुलीला खाटेच्या कडेला बसवतात, आणि ती पत्त्यांची पानं चघळते. पेंटर हरतात तेव्हा वाद घालतात. कधी नुसतेच खिडकीबाहेर पाहत बसतात.

पाच वाजायला आले की पंचफुलाबाई पत्ते गोळा करतात, गोळी आणि पाणी देतात, खुर्ची खाटेला लावून ओढतात आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून घड्याळाकडे पाहत बसतात.